चवथीच्या दुसऱ्या दिवशी सर्व्हर थांबला : फिजिकल आणि व्हीएमच्या स्टोरेजचा हिशेब तुम्ही कसा ठेवता?

घुमट

नमस्कार मंडळी. लांबलचक लिहितोय, पण मला खरोखर मदत हवी आहे.

मी गोव्यातल्या कुंडईच्या एका कारखान्यात आयटी सांभाळतो. मी आणि हाताखाली एक मुलगा, एवढाच आमचा विभाग. तीन फिजिकल सर्व्हर आहेत. त्यातल्या एकावर ईएसएक्सआय (व्हीएमवेअरचं सॉफ्टवेअर) टाकून १६ व्हीएम, म्हणजे एकाच मशिनच्या पोटातले आभासी सर्व्हर, चालवतो. त्यात २.४ टेराबाइटच्या आठ एसएएस डिस्क, रेड ६ (दोन डिस्क गेल्या तरी डेटा राहतो अशी जोडणी). दोन डिस्कची जागा त्या सुरक्षेच्या पॅरिटीत गेली की उरतात १४.४ आणि पडद्यावर दिसतात १३.१, कारण डिस्क बनवणारा हजाराने मोजतो आणि सिस्टीम १०२४ ने. व्हीएमना वाटलेल्या डिस्कची बेरीज मात्र २१ टेराबाइट. सगळ्या थिन, म्हणजे आकडा कागदावर, खरी जागा भरेल तशी.

आमचा दीड दिवसाचा गणपती. पंचमीला दुपारी विसर्जनाची तयारी चालली होती, मी माटोळी (गणपतीवर बांधलेली फळाफुलांची चौकट) उतरवत होतो, तेवढ्यात गेटवरून सिक्युरिटीचा फोन : "सर, गाडी भरून उभी आहे, बिल निघत नाही." घरून लॉगिन होईना. डिचोलीहून कुंडईला पोचलो तर व्हीसेंटरच (सगळ्या व्हीएमचा ताबा असलेलं सॉफ्टवेअर) उघडेना, कारण तोही त्याच डेटास्टोरवरचा (व्हीएमच्या सामाईक साठ्यावरचा) एक व्हीएम आणि तोही थांबलेला. थेट होस्टवर (व्हीएम चालवणाऱ्या मशिनवर) जायचं तर रूट, म्हणजे मुख्य, पासवर्ड हवा, आणि पासवर्डची फाइल ठेवलेली फाइल सर्व्हरवर, जो स्वतः बंद. शेवटी तो जुन्या वहीत सापडला.

आत गेल्यावर दहा व्हीएमवर एकच प्रश्न लटकलेला : व्हर्च्युअल डिस्कसाठी जागा उरलेली नाही, जागा मोकळी करून रीट्राय करा नाहीतर कॅन्सल. मी कॅन्सलला हात लावला नाही. एक टेस्टचा व्हीएम अजून चालू होता, त्याला ३२ जीबी मेमरी दिलेली. तो बंद केल्याबरोबर त्याची स्वॅप फाइल (मेमरीइतकी राखलेली) गेली आणि ३२ जीबी मोकळे झाले. पडून असलेल्या आयएसओ (इन्स्टॉलेशनच्या) फाइली काढल्या, आणखी ४० जीबी. मग एकेक करून रीट्राय. गाडी संध्याकाळी सातला सुटली. घरचं विसर्जन माझ्याशिवाय झालं.

कारण एका स्नॅपशॉटचं (व्हीएमची त्या क्षणाची गोठवलेली स्थिती) निघालं. ईआरपीच्या (बिलं-हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या) अपडेटआधी घेतला होता, २३ दिवसांपूर्वी, आणि काढायचा राहिला. त्याची डेल्टा फाइल (नंतरचे सगळे बदल साठवणारी) १.७ टेराबाइट झाली होती. व्हीसेंटरने ७५ टक्क्यांना पिवळी आणि ८५ ला लाल खूण दाखवलीच होती, पण ती पडद्यावर. मेल लावलेलाच नव्हता.

आता साहेबांनी विचारलंय, परत होऊ नये म्हणून काय लागेल ते एका कागदावर लिहून द्या. फिजिकल सर्व्हरसाठी काय मागायचं, व्हीएमसाठी काय, किती जागा मोकळी ठेवायची, थिन ठेवू की थिक (सगळी जागा आधीच राखलेली)? तुमच्याकडे काय पद्धत आहे?

पागोळी

बाप रे. वाचताना माझ्याच हाताला घाम फुटला.

बकुळ

घुमट, पंचमीच्या दिवशी घर सोडून जावं लागलं, फार वाईट वाटलं. पण कॅन्सल दाबलं नाहीत हे उत्तम केलंत. कॅन्सल म्हणजे त्या व्हीएमची वीजच काढून घेणं. चालू डेटाबेसचं मग काय झालं असतं ते सांगता येत नाही.

मी सतरा वर्षं स्टोरेजचंच काम करते, आता पुण्यात आहे, माहेर सांखळीचं. तुमच्या कागदाची सुरुवात मी एका फरकापासून करीन. फिजिकल सर्व्हरमध्ये ज्याचं पोट भरलं तोच आजारी पडतो. व्हीएममध्ये एकाने जास्त खाल्लं की अख्खी पंगत उठते. तुमच्याकडे ईआरपीच्या स्नॅपशॉटने जागा खाल्ली आणि थांबलं काय काय? गेटचं बिल, फाइल सर्व्हर, व्हीसेंटर. म्हणून दोघांच्या गरजा एका तक्त्यात बसत नाहीत.

फिजिकलला बघायचं ते असं : आतली मोकळी जागा, डिस्कची तब्येत, कपाटात त्याच मापाची सुटी डिस्क आहे का, आणि वाढवायची वेळ आली तर सर्व्हरमध्ये रिकाम्या खाचा आहेत का. व्हीएमला याच्या वरती आणखी एक थर येतो. वाटलेलं किती, खरं भरलेलं किती, स्नॅपशॉट किती दिवसांचे, स्वॅप फाइलींना किती लागतं (चालू व्हीएमची मेमरी वजा त्यातली राखीव, तेवढी जागा डेटास्टोरवर जातेच) आणि सगळे मिळून एकाच वेळी डिस्कवर किती लिहितात.

थिन वाईट नाही. पाचशे आमंत्रणं वाटून तीनशे पानांचा स्वयंपाक सगळेच करतात, कारण सगळे येत नाहीत. पण आमंत्रणं किती वाटली हे यजमानाला माहीत पाहिजे. तुमचं प्रमाण १.६ आहे. नजर असेल तर हे चालतं. नजर नव्हती.

आणि स्नॅपशॉट. व्हीएमवेअरचं स्वतःचंच सांगणं आहे की एक स्नॅपशॉट ७२ तासांपेक्षा जास्त ठेवू नका. साखळीत ३२ चालतात, पण दोनतीनच्या पुढे जाऊ नका. डेल्टा फाइल वाढत वाढत मूळ डिस्कएवढी होऊ शकते, आणि तो काढतानाही जागा लागू शकते, कारण मूळ डिस्क थिन असेल तर विलीन होताना तीही फुगते.

घुमट

बकुळताई, तो विलीन व्हायला नऊ तास लागले. रात्रभर टक्के बघत बसलो. जेमतेम ७२ जीबी मोकळे करून त्यावर स्नॅपशॉट काढायला घेतला होता, आता तुमचं वाचून कळतंय की किती कडेवर उभा होतो.

तांबडी माती

माझं मत थोडं वेगळं आहे. हल्ली सगळं उचलून व्हीएममध्ये टाकायची घाई असते. मी वेर्ण्याच्या एका औषध कारखान्यात आहे. आमच्या लॅबची यंत्रं ज्या सर्व्हरला जोडलेली आहेत तो फिजिकल आहे आणि फिजिकलच राहणार. ती सिस्टीम व्हॅलिडेट केलेली आहे. हार्डवेअर बदललं की पुन्हा कागदपत्रं, पुन्हा चाचण्या. तिथे मला डेटास्टोर, थिन, शेजारी कोण, काही बघावं लागत नाही. डी ड्राइव्ह भरला तर डी ड्राइव्ह भरला.

फिजिकलचा खरा धोका वेगळा आहे. तो मुकाट्याने म्हातारा होतो. आमच्याकडे चार डिस्कचा रेड ५ होता, चारही डिस्क एकाच खोक्यातून आलेल्या, सहा वर्षं एकत्र फिरलेल्या. जुलैत एक गेली. नवीन घालून रीबिल्ड (नव्या डिस्कवर डेटा पुन्हा भरणं) लावला, आणि त्या ताणात दुसरी गेली. रेड ५ ला दुसरी सोसत नाही. सगळं बॅकअपवरून उभं केलं, दोन दिवस लागले.

त्यानंतर आमचा नियम : दर सोमवारी स्मार्टचे (डिस्क स्वतःच्या तब्येतीचे ठेवते ते) आकडे लिहायचे. रीअलोकेटेड सेक्टर (खराब म्हणून बदललेले) आणि पेंडिंग सेक्टर (संशयित) हे दोन. शून्य असेल तर बरं. एकदा का तो आकडा आठवड्या-आठवड्याने चढायला लागला की डिस्क मरायची वाट बघायची नाही, बदलायची. आणि सुट्या डिस्क वेगवेगळ्या वेळी घ्यायच्या.

साकव

तांबडी माती, रेड ५ बद्दल शंभर टक्के सहमत. मोठ्या डिस्कवर तर विषयच सोडा. १६ टेराबाइटची डिस्क सेकंदाला २०० एमबीने न थांबता लिहिली तरी ८० हजार सेकंद, म्हणजे २२ तास. ते काम करता करता सर्व्हर वापरात असेल तर त्याच्या कितीतरी पट. तेवढा वेळ तुम्ही एका धाग्यावर लोंबकळत असता.

पण "फिजिकलच बरं" हे मला पटत नाही. आमच्या कॉलेजात सात जुने सर्व्हर होते, प्रत्येकात निम्मी डिस्क रिकामी, आणि एकाला जागा कमी पडली तर शेजारच्याची देता येत नव्हती. आता तीन मशिनवर प्रॉक्समॉक्स (व्हीएम चालवणारं दुसरं सॉफ्टवेअर) आहे आणि सगळं त्यात बसलंय.

तांबडी माती

कॉलेजची लॅब दोन तास बंद पडली तर मुलं कॅन्टीनला जातात. आमची बॅच फेकावी लागते. दोघांचं बरोबर आहे, जागा वेगळी.

खाजन

गोव्यात राहून डिस्कचा धागा आणि अजून कुणी मुंग्यांचं नाव काढलं नाही! आमच्या पेडण्याच्या ऑफिसात पावर सप्लाय उघडला तर आत मुंग्यांचं अख्खं गाव. अंडी, राणी, सगळं. वर पाल चिकटून मेलेली.

आणि जून ते सप्टेंबर हवेतला दमटपणा. शनिवारी एसी बंद करून जातात, सोमवारी लावतात, थंडगार हवा आणि ओलसर पत्रा. समुद्राजवळ असाल तर खारट वाराही. कनेक्टरवर हिरवट थर येतो, मग डिस्क "गेली" असं वाटतं आणि ती काढून पुसून लावली की चालते.

रात्रपाळी

खाजन बाब, हसू नका, आमच्याकडे सर्व्हर रूमच्या दाराखाली लक्ष्मणरेषा खडू ओढलेला आहे, आणि ती रेषा दर महिन्याला ओढायची नोंद वहीत आहे. 😀

मी किनाऱ्यावरच्या हॉटेलात आहे, माझा प्रश्न कॅमेऱ्यांचा. मालकाने सांगितलं, वेगळा रेकॉर्डर कशाला, एवढा मोठा सर्व्हर आहे, त्यातच एक व्हीएम करा. मी हिशेब करून दाखवला. ३२ कॅमेरे, प्रत्येकी २ एमबीपीएस. एका कॅमेऱ्याचे दिवसाला साधारण २१.६ जीबी. ३२ चे मिळून ६९१. तीस दिवस ठेवायचे तर २० टेराबाइटच्या वर. आणि ते अखंड लिहिणं, रात्रंदिवस, एक क्षण विसावा नाही. त्याच डिस्कवर फ्रंट डेस्कचा डेटाबेस! पाहुणा काउंटरवर उभा, परदेशी असेल तर त्याच्या मुक्कामाची माहिती २४ तासांच्या आत सरकारला कळवायची, आणि स्क्रीन फिरत राहायची.

कॅमेऱ्यांना शेवटी वेगळा फिजिकल रेकॉर्डर, वेगळ्या डिस्क. घुमट, तुमच्या कागदावर हे एक वाक्य घाला : जे अखंड लिहितं ते सामाईक स्टोरेजवर नको.

बकुळ

रात्रपाळींचा मुद्दा पुढे नेते, कारण सगळे जागा मोजतात आणि वेग विसरतात. घुमटकडच्या आठ डिस्क १०,००० आरपीएमच्या असाव्यात. अशी एक डिस्क सेकंदाला साधारण १४० वाचन-लेखनं करते. आठांची ११२०. पण रेड ६ मध्ये एक छोटं लेखन करायला डिस्कवर सहा हालचाली होतात, म्हणजे निव्वळ लेखन असेल तर १८७ च्या आसपास. तेच रेड १० (प्रत्येक डिस्कची जोडप्रत) केलं तर ५६०, पण जागा १४.४ ऐवजी ९.६. १६ व्हीएम, त्यातला एक ईआरपीचा डेटाबेस, आणि १८७. कंट्रोलरच्या कॅशमुळे (मधल्या वेगवान मेमरीमुळे) रोज ते जाणवत नाही इतकंच.

त्या कॅशची बॅटरी तपासलीत का? ती मेली की बरेच कंट्रोलर गुपचूप राइट-बॅकवरून राइट-थ्रूवर जातात (कॅश सोडून प्रत्येक लेखन थेट डिस्कवर) आणि सगळे म्हणू लागतात की सर्व्हर हळू झाला.

घुमट

ताई, आत्ता बघून आलो. बॅटरी "फेल्ड" दाखवतेय. किती महिन्यांपासून, देव जाणे. ईआरपी हळू चालतो म्हणून गेलं वर्षभर आम्ही नेटवर्कला दोष देत होतो आणि दोन स्विच बदलले.

खाजन

दोन स्विच!

साकव

पण बकुळताई, २०२० नंतर घेतलेल्या कुठल्याही नवीन सर्व्हरसाठी हे फिरत्या डिस्कचं गणित कशाला? एसएसडी घ्यावी, विषय संपला.

बकुळ

विषय निम्मा संपतो. वेगाचा प्रश्न जातो, टिकण्याचा येतो. दुकानातली साधी एसएसडी सर्व्हरमध्ये घातलीत तर ती तेवढ्या लेखनासाठी बनवलेलीच नसते. दिवसाला स्वतःच्या आकाराच्या किती पट लिहिणं ती सोसते तो आकडा बघून घ्यायची, आणि वीज गेल्यावर हातातलं लिहून पूर्ण करण्याची सोय, म्हणजे आत कपॅसिटर, आहे का ते विचारायचं. गोव्यात पावसाळ्यात वीज किती वेळा जाते ते मी सांगायला नको.

साकव

हे मान्य. आमच्या तीनपैकी एका मशिनला साधी एसएसडी लावली होती, चौदा महिन्यांत तिचं वेअरआउट ७० टक्क्यांवर गेलं.

प्रॉक्समॉक्सवाल्यांसाठी थोडं. ब्रॉडकॉमने २०२३ च्या नोव्हेंबरात व्हीएमवेअर घेतली, कायमचे परवाने मिळणं बंद झालं, त्यानंतर इकडे बरेच जण आलेत. इथे एलव्हीएम-थिन (लिनक्सचा थिन पूल) वापरत असाल तर लक्षात ठेवा, पूल भरला की तो तुम्हाला रीट्रायचा प्रश्न विचारत बसत नाही. लेखनं ६० सेकंद थांबवून ठेवतो आणि मग थेट चूक परत करतो. आतली फाइल सिस्टीम रीड-ओन्ली होते, नशीब वाईट असेल तर मोडते. आणि पुलाला दोन पोटं असतात, डेटाचं आणि मेटाडेटाचं (कुठे काय ठेवलंय त्या नोंदींचं). एलव्हीएस कमांड दिली की दोन्ही टक्के दिसतात. दुसऱ्याकडे कुणी बघत नाही, आणि ते भरलं तरी तितकंच वाईट होतं.

झेडएफएस (एक फाइल सिस्टीम) असेल तर ८० टक्क्यांच्या आत राहा. सेफ (Ceph, अनेक मशिनवर पसरलेलं स्टोरेज) असेल तर ८५ ला तो इशारा देतो आणि ९५ ला लेखनच बंद करतो. शिवाय तीन प्रती ठेवतो, म्हणून ३० टेराबाइटच्या डिस्क घेतल्या तर हातात १०. हे आधी साहेबांना सांगावं, नाहीतर नंतर ऐकून घ्यावं लागतं.

सगळ्यात महत्त्वाचं. व्हीएमच्या आत फाइल पुसली म्हणून बाहेरची जागा परत येत नाही. आतल्या सिस्टीमने "हे ब्लॉक मला नकोत" असं खाली कळवावं लागतं. प्रॉक्समॉक्समध्ये डिस्कसमोरच्या डिस्कार्डवर टिक लावा आणि लिनक्समध्ये एफएसट्रिम आठवड्याला चालू द्या. आम्ही पहिल्यांदा चालवलं तेव्हा दोन तासांत ६०० जीबी परत आले. मुलं टाळ्या वाजवत होती.

पागोळी

एक बावळट प्रश्न विचारू का? रेड ६ म्हणजे दोन डिस्क गेल्या तरी डेटा राहतो. मग बॅकअप कशाला? आणि स्नॅपशॉट म्हणजे बॅकअपच ना?

वझर

पागोळी, प्रश्न बावळट नाही, आमच्या पतसंस्थेच्या संचालकांनी हाच विचारला होता. रेड डिस्क मरण्यापासून वाचवतो. कुणी चुकून फोल्डर पुसला तर रेड तो आठही डिस्कवरून इमानाने पुसतो. रॅन्समवेअरने कुलूप घातलं तर कुलूपही आठही डिस्कवर. आणि स्नॅपशॉट मूळ डिस्कला टेकून उभा असतो. मूळ गेली की तोही गेला.

आमचा अनुभव सांगतो. बॅकअपचा सर्व्हर व्हीएम होता. त्याची डिस्क कुठे? त्याच स्टोरेजवर. रोज रात्री "यशस्वी" असा मेल यायचा, आम्ही खूश. मे महिन्यात वीज कडाडली, कंट्रोलर जळला, आणि मूळ व बॅकअप दोन्ही एकाच पेटीत बंद. पेटी उघडेपर्यंत आठ दिवस गेले. सभासद पासबुक घेऊन दारात. कारकून वहीत हाताने नोंदी करत होते, आणि एक आजी मला म्हणाली, "पुता, माझे पैसे आहेत ना रे?" ते मी विसरणार नाही.

आता तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर, एक दुसऱ्या इमारतीत. आणि दर तीन महिन्यांनी एक व्हीएम खरोखर परत उभा करून बघतो.

खाजन

दुसऱ्या इमारतीबद्दल. २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते वादळ किनाऱ्यावरून गेलं तेव्हा झाडं पडून किती ठिकाणी दिवसचे दिवस वीज नव्हती ते आठवा. आमची एक प्रत म्हापशाला, दुसरी पेडण्याला, दोन्हीकडे अंधार. डेटा शाबूत होता, पण लावायला वीज कुठे? गोवा एवढासा, एकच वादळ दोन्ही टोकं गाठतं. एक प्रत घाटापलीकडे हवी, नाहीतर क्लाउडवर.

तांबडी माती

यूपीएसचंही याच कागदात येऊ दे. बॅटरी उतरायच्या आत सगळं क्रमाने बंद झालं पाहिजे. आधी व्हीएम, मग होस्ट, शेवटी स्टोरेज. चालू करताना उलटं. वेगळं स्टोरेज असेल आणि होस्ट आधी उठला तर त्याला डेटास्टोर दिसतच नाही. आमच्याकडे हा क्रम मोठ्या अक्षरात दारावर चिकटवलाय, कारण रात्री तीनला जनरेटरवाला एकटाच असतो.

दीपस्तंभ

मी संगणकवाला नाही, सनदी लेखापाल आहे, मडगावला. मुलाने हा धागा दाखवला. तुम्ही सगळे किती जागा याबद्दल बोलताय, पण किती वर्षं याबद्दल कुणी बोललं नाही, म्हणून लिहितो.

कंपनीची हिशेबाची पुस्तकं आठ वर्षं ठेवावी लागतात. १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांच्या अकाउंटिंग सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाची नोंद, एडिट लॉग, चालू असणं सक्तीचं आहे, आणि तो बंद करता येता कामा नये. तोही जपायचा आहे. शिवाय पुस्तकं इलेक्ट्रॉनिक स्वरूपात असतील तर त्यांचा बॅकअप भारतातल्या सर्व्हरवर रोज ठेवायचा आहे. माझे अशील दरवर्षी सर्व्हर घेताना आजच्या फाइलींचा आकार सांगतात. आठ वर्षांचा सांगा, म्हणतो मी.

वझर

काका, फार मोलाचं सांगितलंत. त्याला जोडून, सर्ट-इनच्या (केंद्राच्या सायबर सुरक्षा यंत्रणेच्या) २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे सिस्टीमचे लॉगही मागच्या १८० दिवसांचे देशात जपायचे आहेत. आम्ही लॉगसाठी वेगळा छोटा सर्व्हर ठेवलाय. ते व्हीएमच्या सी ड्राइव्हवर साचू दिले तर पुन्हा पंचमीच.

घुमट

काका, देव बरें करूं. आमच्याकडे एडिट लॉग चालू आहे, पण त्याच्या वाढीचा हिशेब मी धरलाच नव्हता. ईआरपीचा डेटाबेस अचानक का फुगायला लागला ते आता कळलं.

पागोळी

अवांतर : थिन प्रोव्हिजनिंगला मराठीत काय म्हणायचं? प्रोजेक्टच्या अहवालात लिहायचंय. सरांनी "विरळ तरतूद" सुचवलं.

साकव

"पातळ वाटप"?

बकुळ

पातळ वाटपात आमटी आठवते. मी "उधारीची डिस्क" म्हणते आणि ऐकणाऱ्याला लगेच कळतं. अहवालात मात्र थिनच लिही पोरी, परीक्षकाला तेच ठाऊक असतं.

रात्रपाळी

मूळ प्रश्न राहिला. मोकळी किती ठेवायची? माझा अंदाज २० टक्के.

तांबडी माती

फिजिकलवर १५ पुरतात. डेटा ड्राइव्ह वेगळा असेल तर सिस्टीम ड्राइव्हला ४० जीबी.

बकुळ

व्हीएमच्या डेटास्टोरला मी २० ते २५ सांगते, त्यातले काही स्नॅपशॉटसाठी. पण खरं विचाराल तर टक्के हे अपुरं माप आहे. १०० टेराबाइटचे २० टक्के आणि ५ टेराबाइटचे २० टक्के यांत किती फरक. घुमट, तुमची रोजची वाढ किती ते आधी मोजा. दीडएक महिना रोज सकाळी एकाच वेळी आकडा लिहा. मग बोलू.

घुमट

मंडळी, सहा आठवड्यांनी परत येतोय. वहीत रोज सकाळी नऊचा आकडा लिहिला. कागद तयार झाला, साहेबांनी सही केली. काय काय झालं ते सांगतो.

आधी साफसफाई. स्नॅपशॉट गेल्याने निव्वळ १.३ टेराबाइट सुटले (१.७ नाही, ताईंनी सांगितल्याप्रमाणे मूळ डिस्क थोडी फुगलीच). दोन व्हीएम असे निघाले की ते कुणाचे हेच कुणाला ठाऊक नाही. एक नोकरी सोडून गेलेल्या माणसाने चाचणीला केला होता. त्यांचा बॅकअप घेऊन महिनाभर बंद ठेवले, कुणी हाक मारली नाही, मग काढले. ०.९. आमचं डेटास्टोर व्हीएमएफएस-६ (व्हीएमवेअरची फाइल सिस्टीम) असल्यामुळे व्हीएमच्या आत ट्रिम चालवल्यावर ते जागा आपोआप परत घेतं. हळूहळू घेतं, पण त्यातूनही बरीच जागा आली. आता १३.१ पैकी ९.८ भरलेले, ३.३ मोकळे.

रोजची वाढ सरासरी २४ जीबी. म्हणजे हातात सुमारे १४० दिवस. साहेबांना टक्के सांगितले तेव्हा ते मान हलवत होते, दिवस सांगितले तेव्हा खुर्चीत पुढे झाले. कोटेशन, मंजुरी, बाहेरून डिस्क येणं, बसवणं, यात आमचे आजवर ५० दिवस गेलेत. मध्ये चवथ, शिगमो, वर्षअखेर असं काही आलं तर आणखी. म्हणून ठरवलं, ९० दिवस उरले की खरेदी सुरू. ९० दिवसांची वाढ २.१ टेराबाइट, तेवढीच मोकळी उरते तेव्हा डेटास्टोर ८४ टक्के भरलेला असतो. ताईंच्या अंदाजापेक्षा थोडा पुढे, पण आमच्या मोजमापावरचा. वाढ दर तीन महिन्यांनी नव्याने मोजायची.

नवीन व्हीएमला मालकाचं नाव आणि संपायची तारीख लिहिल्याशिवाय डिस्क मिळणार नाही. स्नॅपशॉटच्या नावातच काढायची तारीख, तीन दिवसांची. वाटलेल्या डिस्कची बेरीज खऱ्या जागेच्या दीडपटीवर जायची असेल तर साहेबांची सही. मेल आणि एसएमएस दोन्ही लावले. ईआरपीच्या डेटाबेसला वेगळ्या एसएसडीची जोडी मंजूर झाली. कंट्रोलरची बॅटरी बदलली आणि त्या दिवशी अकाउंट्समधल्या ताई विचारायला आल्या की सर्व्हर नवीन घेतला का.

फिजिकल दोघांचं वेगळं पान, तांबडी माती यांच्या सोमवारच्या वहीसारखं. त्यातल्या एकावर पेंडिंग सेक्टर ८ निघाले. पुढच्या सोमवारी ११. डिस्क बदलली.

तांबडी माती

बरं वाटलं वाचून. जुनी काढलेली डिस्क कपाटात सुटी म्हणून ठेवू नका. मार्करने फुली मारा.

घुमट

मारली. लाल.

वझर

रीस्टोरची चाचणी?

घुमट

झाली, एकदा. फाइल सर्व्हर उभा राहायला पाच तास लागले. ती वेळही कागदावर लिहिली, म्हणजे पुढच्या वेळी गेटवर गाडी कितीवेळ थांबेल ते आधीच सांगता येईल.

खाजन

दिवाळी तोंडावर आली. नरकासुराच्या रात्री सगळं गाव रस्त्यावर असतं, तेव्हा फोन कुणाकडे?

घुमट

हाताखालच्या मुलाकडे. त्याने स्वतःहून मागितला. होस्टचा रूट पासवर्ड छापून दोन पाकिटांत सीलबंद केलाय. एक साहेबांच्या तिजोरीत आणि एक सिक्युरिटीच्या केबिनमध्ये, कुलूपबंद पेटीत. किल्ली मुलाच्या गळ्यात आहे.